पाच, आठ

त्रिएस्ते शहरात समुद्राला भिंत घातली आहे.
एका अंगाला बायका-पोरं, दुसऱ्या अंगाला पुरुष.
भिंत थोडी पाण्यातही उतरली आहे,
पाणी मात्र तिला जुमानत नाही.

नेविया दहाला येते. पायानं खडी सारखी करते,
टॉवेल पसरते, मांडीवर कोड्यांचा अंक.
या कोड्याला सूचना नसतात,
घराघरात नुसते आकडे,
आणि एका आकड्याचं एकच अक्षर, शेवटपर्यंत.
लग्नासारखं, असं ती पूर्वी म्हणायची.

मला तिनंच शिकवलं.
पेन्सिल घे, म्हणाली. पेननं कोडं सोडवणारा माणूस
मी बघितलाय. एकवीस वर्षं बघितलाय.

छापणारे एक अक्षर फुकट देतात:
पाच म्हणजे एस. ते आधी सगळीकडे भरून टाक,
आळस करू नकोस, एक घर राहिलं की तिथेच अडशील.
मग शब्द शेपटाकडून धर.
आमचे शब्द बहुतेक स्वरावर येऊन टेकतात,
तेव्हा शेवटच्या घरात जे पुन्हा पुन्हा बसलेत
त्यांच्यावर नजर ठेव: तीन, आठ, बारा, सोळा.
तोच आकडा दोनदा लागोपाठ आला तर व्यंजन समज.
एच शोधायला धावू नकोस.
तिला आम्ही आक्का म्हणतो,
(मी हसले; का, ते तिला सांगता आलं नाही)
घरात असते पण बोलत नाही,
सापडेल सावकाश.

आता एकोणीस बघ. जाईल तिथे सात त्याच्या मागे.
असं कोण कुणाला सोडत नाही?
क्यू, मी म्हणाले, आणि यू.
मग हे पाच घरांचं:
तीन, अकरा, एकोणीस, सात, तीन.
सुरू होतं तिथेच संपतं.
मी डोकं खाजवत बसले.
तिनं नुसती हनुवटी उचलून समोर दाखवलं.
समोर, क्षितिजापर्यंत, उत्तर पसरलं होतं.
आक्वा. पाणी.
तीन झाला ए. अकरा झाला सी.

साडेअकराच्या सुमारास भिंतीपलीकडून हाक येते.
"नेवे! चौदा काय?"
शेजारची कुणी मान वर करत नाही,
उकडलेली अंडी सोलणं चालूच राहतं.
फुल्व्यो. तोच अंक, निळं पेन.
घटस्फोटाला नऊ वर्षं झाली.
ती अक्षर कधी देत नाही.
"उभ्या सहाव्या ओळीत बघ," म्हणते,
किंवा, "तुझ्या आईचं आवडतं भांडं."
पलीकडे शिवी. मग खरखर.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात,
बोरा वारा सुटायच्या बेतात, किनारा अर्धा रिकामा,
हाक आली ती प्रश्न नव्हती.
"पाच. अकरा. सात. पाच. तीन."

नेवियानं कोडं आडवं पाहिलं, उभं पाहिलं.
असा शब्द त्यात नव्हताच.
मी समासात पाच घरं काढली नि भरली.
बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला
तर इथे लोक हा शब्द बोलून पुढे सरकतात.
ती बघत राहिली.
पेन्सिलीला टोक होतं, तरी टोक केलं,
साल वाऱ्यानं नेली.

मग भिंतीकडे न बघता, मोठ्यानं:
"पाच. आठ."

पलीकडे चिडीचूप.
आठ त्याला सकाळपासून सुटला नव्हता, आम्हाला ठाऊक होतं;
दोनदा विचारून झालं होतं.
आय असेल तर: हो.
ओ असेल तर: माहीत आहे मला.
ई असेल तर नुसतंच: जर.

मी तिच्या कागदाकडे वाकले.
तिनं आठवर अंगठा ठेवला होता.

बराच वेळ लाटा, एक बोट, कुणाचं तरी पोर.
मग त्याचा आवाज, हळू,
आमच्यासाठी नसलेला,
भिंतीच्या त्या बाजूला विचारत फिरणारा:
"कुणाकडे पेन्सिल आहे का?"